भिंतीचे ऋण

रस्त्यावर, भिंतीवर चित्रे काढणारा एखादा माणूस कुठल्याही कलाशाळेची पायरी न चढता मोठ्या कलादालनात पोहोचला, की त्याची गोष्ट आपण एका ठरलेल्या क्रमाने सांगतो. आधी भिंत, मग कुणा जाणकाराची नजर पडणे, मग कागद, कॅनव्हास, प्रदर्शन, पुरस्कार आणि शेवटी परदेश. या क्रमात भिंत ही सगळ्यात खालची पायरी असते. चित्रकार तिच्यावरून वर चढतो आणि वर गेल्यावर ती मागे पडते. या पुस्तकाचा विषय वाचकांपुढे ठेवताना मला पहिली हरकत या क्रमालाच घ्यायची आहे. महाराष्ट्रात ही वाट सर्वांत लांबवर चाललेला माणूस म्हणजे जिव्या सोमा म्हसे. त्यांनी भिंत मागे टाकली नाही. पॅरिसला जातानाही ते ती बरोबर घेऊन गेले. आणि त्या भिंतीवर त्यांच्याआधी ज्यांचे हात चालले होते, त्या हातांची नावे आपण कधी विचारलीच नाहीत. या प्रस्तावनेत मला मुख्यतः या न विचारलेल्या नावांबद्दल बोलायचे आहे.

म्हसे यांच्याकडे वळण्याआधी त्यांची भिंत पाहायला हवी. डहाणू-तलासरी भागातल्या वारली घराची भिंत कुडाची असते. कारवीच्या काठ्या किंवा फांद्या विणायच्या, त्यावर माती आणि शेणाचा गिलावा द्यायचा, वरून गेरू फिरवायचा. घराला खिडक्या नसल्यासारख्याच, त्यामुळे आत कायम अर्धा अंधार. लग्न ठरले की आतल्या एका भिंतीवर सवाशिणी चौक लिहितात. तांदूळ पाण्यात वाटून केलेले पांढरे, त्यात थोडा डिंक, आणि टोक चावून कुंच्यासारखी केलेली बांबूची काडी, एवढीच सामग्री. मधल्या चौकोनात पालघाट देवी, शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या, भोवती झाडे, माणसे, नाचणारे, वाजवणारे. धवलेरी लग्नाची गाणी म्हणते, भगत देवांना बोलावतो. हे चित्र पाहायला कुणी मुद्दाम येत नाही. चौक लिहिल्याशिवाय लग्नच लागत नाही, म्हणून तो लिहायचा. लग्न झाले की त्याचे काम झाले. पुढे चुलीचा धूर बसतो, पावसाळ्यात पोपडे निघतात आणि पुन्हा सारवण झाले की ते त्याखाली जाते. पुढच्या लग्नाला नवा चौक, बहुधा वेगळ्या बायकांच्या हातचा.

जिव्या म्हसे यांचा जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. पुढचे सगळे आयुष्य गेले डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या पाड्यावर. आई लहानपणीच गेली. त्या धक्क्याने मुलाचे बोलणे बंद झाले आणि तो धुळीत रेघा ओढून आपले म्हणणे सांगू लागला, असे त्यांच्याविषयी लिहिणारे सगळेच सांगतात. ही हकीकत हृदयाला भिडते, म्हणून ती वारंवार सांगितली जाते. पण तिच्यामागचा काळ सहसा कुणी सांगत नाही. जिव्या दहा-अकरा वर्षांचे असताना, १९४५ साली, याच तलासरी-डहाणू पट्ट्यात वारल्यांचा उठाव झाला. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाने हा लढा मराठी वाचकांच्या घरात पोहोचवला आणि त्या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या लढ्याच्या केंद्रस्थानी लग्नगडी होता. लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्यापायी नवरा-बायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचे, अशी ती पद्धत होती.

हे लक्षात ठेवून पुन्हा एकदा चौकाकडे पाहावे. ज्या भिंतीवर सवाशिणी पालघाट लिहीत होत्या, त्याच घरातला नवरदेव त्या लग्नाच्या कर्जापायी गुलाम होण्याची शक्यता होती. वारली चित्रांतला आनंद हा सुखवस्तू माणसांचा आनंद नव्हता. आज ड्रॉइंगरूमच्या उशीवर, पिशवीवर आणि हॉटेलच्या भिंतीवर जो ‘निरागस’ वारली नाच दिसतो, त्याच्या मुळाशी असे एक जग आहे. जिव्या ज्या पिढीत वाढले, त्या पिढीने ती गुलामी पाहिलीही आणि मोडतानाही पाहिली.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात आले. कुलकर्णी स्वतः चित्रकार होते आणि पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने चाललेल्या हस्तकलांच्या सरकारी कामात होते. त्याआधी १९६६-६७ च्या दुष्काळात जयकर यांनी त्यांना बिहारमध्ये मधुबनीकडे पाठवले होते. तिथे बायका कोहबराच्या, म्हणजे नवदांपत्याच्या खोलीच्या, भिंती रंगवत असत. कुलकर्णींनी त्यांना कागद दिला, चित्रे विकत घेतली जाऊ लागली आणि दुष्काळात घरात चार पैसे आले. डहाणूतही त्यांनी गेरू, पांढरा रंग आणि कागद वाटून पाहिला. इथे मात्र गोष्ट वेगळी घडली. मिथिलेत, म्हणजे मधुबनीच्या भागात, कागद बायकांनी उचलला. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी ही नावे देशभर झाली आणि जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली. डहाणूत कागद उचलला तो एका पुरुषाने.

असे का झाले असावे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, वारली सवाशिणींसाठी चौक हा लग्नविधीपासून वेगळा काढता येण्यासारखा नव्हता. लग्न नाही, धवलेरी नाही, घरात देव आलेला नाही, आणि तरी पालघाट लिहायची, हे त्यांना कसे पटावे? जिव्यांवर हे बंधन नव्हते, कारण चौक लिहिण्याचा अधिकारच पुरुषाला नव्हता. विधीबाहेर असल्यामुळेच त्यांना मोकळीक मिळाली. लग्न नसतानाही ते चित्र काढू लागले, रोज काढू लागले, आणि चौकापलीकडचे जे जे पाड्यावर घडते ते सगळे काढू लागले. भातलावणी, मासेमारी, मुंग्यांचे वारूळ, तारपा वाजवणाऱ्याभोवती गोल फिरणारी माणसे. कुणी शिकवले नाही म्हणून त्यांना स्वयंशिक्षित म्हणायचे, तर ते खरेच आहे. पण रेघ, त्रिकोण, वर्तुळ, पांढरा रंग आणि मातीची पार्श्वभूमी हे सगळे त्यांना त्यांच्या आईच्या आणि आज्यांच्या भिंतीवरून मिळाले होते. स्वयंशिक्षित माणसाचेही गुरू असतात. फक्त त्या गुरूंच्या दारावर शाळेची पाटी नसते.

त्यांच्या चित्रांपुढे उभे राहिले की आधी जाणवते ती हालचाल. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण, वरचा खांद्याचा, खालचा कमरेचा. त्या एका जोडबिंदूवर सगळे शरीर तोललेले असते, म्हणून जरासा कल दिला की माणूस धावतो, वाकतो, नाचतो. हे तंत्र सगळ्याच वारली चित्रांत आहे. म्हसे यांनी त्यात भर घातली ती सूक्ष्मतेची आणि विस्ताराची. त्यांची रेघ सलग जात नाही, बारीक ठिपक्यांतून आणि तुटक फटकाऱ्यांतून पुढे सरकते. त्यामुळे जवळून पाहताना कागद थरथरल्यासारखा वाटतो. मासेमारीच्या जाळ्याचा विषय त्यांनी अनेकदा हाताळला. त्या चित्रांत जाळे जवळजवळ सगळा कॅनव्हास व्यापते. हजारो बारीक घरे, कुठे ताणलेली, कुठे सैल पडलेली, आणि एका कडेला ते जाळे फेकणारी इवलीशी माणसे. माणूस केवढा आणि त्याने विणलेले केवढे, हे प्रमाण एका नजरेत कळते. तिथे क्षितिज नाही, पुढचे-मागचे नाही, सावली नाही. एखाद्या आधुनिक अमूर्त चित्रकाराला जे साधायला आयुष्य घालवावे लागते, ते इथे गावातले जाळे जसे आहे तसे काढताना साधले आहे.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. कॅनव्हास हाती आल्यावर म्हसे यांनी तो पांढरा ठेवला नाही. त्यावर त्यांनी शेण सारवले. गेरू आणि शेणाच्या त्या तपकिरी थरावर मग पांढऱ्या रंगाची चित्रे आली. म्हणजे बाजारातून आणलेल्या कापडाला त्यांनी आधी घराची भिंत केले आणि मगच त्याला हात लावला. कलादालनांच्या पांढऱ्याशुभ्र भिंतींवर त्यांची चित्रे टांगली गेली, तेव्हा एका भिंतीवर दुसरी भिंत टांगल्यासारखेच ते होते.

पुढचा मानमरातबाचा भाग थोडक्यात सांगतो. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुंबईत जहांगीर कलादालनाच्या इमारतीतल्या केमोल्ड गॅलरीने त्यांची चित्रे लावली. यशोधरा दालमिया यांचा वारली चित्रांवरचा अभ्यासग्रंथ १९८८ मध्ये आला. १९८९ मध्ये पॅरिसच्या पोंपिदू सेंटरने जगभरच्या शंभर कलावंतांना एका प्रदर्शनात एकत्र आणले. त्यांतले निम्मे युरोप-अमेरिकेबाहेरचे होते आणि त्यांत गंजाडचे म्हसे होते. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फ इथे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांचे काम मांडले गेले. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाऊस पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले. त्यांची मुले सदाशिव आणि बाळू ही दोघेही चित्रकार आहेत. एवढे सगळे होऊनही म्हसे मुंबईला किंवा दिल्लीला राहायला गेले नाहीत. गंजाडच्या पाड्यावरच राहिले.

आता नावाच्या प्रश्नाकडे येतो. म्हसे यांच्या हाती कागद येऊन काही वर्षे होत होती, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये भुयारी रेल्वेचे डबे आणि झोपडवस्त्यांतल्या भिंती तरुण मुलांनी फवाऱ्याच्या रंगांनी भरून टाकल्या होत्या. त्या मुलांचे मुख्य काम स्वतःचे नाव लिहिणे हे होते. टोपणनाव, मोठ्या अक्षरांत, जास्तीत जास्त ठिकाणी. शहराने ज्यांना ओळखच दिली नाही, त्यांनी ती शहराच्या अंगावर लिहून काढली. जाँ-मिशेल बास्किया हा त्यांतलाच, कलाशाळेत न गेलेला. मित्राबरोबर तो एका टोपणनावाने भिंतींवर वाक्ये लिहीत असे. तीन-चार वर्षांत तो मोठ्या कलादालनांत पोहोचला आणि १९८८ मध्ये वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी गेला. २०१७ मध्ये त्याचे एक चित्र लिलावात अकरा कोटी डॉलरच्या वर गेले. बास्कियाच्याच काळात किथ हेरिंग भुयारी स्थानकांतल्या जाहिरातींच्या रिकाम्या काळ्या कागदांवर पांढऱ्या खडूने नाचणारी, धावणारी माणसे काढत होता. गडद पार्श्वभूमी, पांढरी रेघ, चेहरे नसलेली हलती माणसे. त्याच वर्षांत गंजाडमध्ये जे चालले होते, त्याच्याशी हे साम्य विलक्षण आहे. दोघांनी एकमेकांचे काही पाहिले असण्याचे कारण नाही.

पण या दोन भिंतींत एक मोठा फरक आहे. न्यूयॉर्कच्या मुलाला भिंतीची परवानगी नव्हती, नाव मात्र होते. वारली सवाशिणीला भिंतीची पूर्ण परवानगी होती. इतकी की तिने लिहिल्याशिवाय लग्न पुढे सरकत नसे. तिला नाव नव्हते, आणि तिने ते मागितलेही नव्हते, कारण चौक हा तिचा एकटीचा नव्हताच. कलादालन या दोघांनाही एकच प्रश्न विचारते, हे कुणी काढले? न्यूयॉर्कच्या मुलाकडे उत्तर तयार होते. वारली भिंतीकडे नव्हते, आणि मग जो कागद घेऊन पुढे आला त्याचे नाव उत्तर म्हणून लिहिले गेले. म्हसे यांच्या योग्यतेबद्दल मला किंचितही शंका नाही. त्यांनी जे केले ते त्यांच्याआधी कुणी केले नव्हते. पण त्यांच्या नावामागे चौक लिहिणाऱ्या किती पिढ्यांच्या बायका अंधारात राहिल्या, हे म्हणण्याने त्यांचा मान कमी होत नाही. आज वारली चित्रांना भौगोलिक मानांकन आहे. समाजाचे नाव कायद्याने नोंदले गेले, ही मोठी गोष्ट झाली. एखाद्या विशिष्ट पाड्यावर १९६० साली अमक्या घरात चौक कुणी लिहिला होता, याची नोंद मात्र आता कुणालाही करता येणार नाही.

महाराष्ट्रात रस्त्यावरून आलेला चित्रकार म्हटले की पहिले आठवतात ते मकबूल फिदा हुसेन, आणि ते योग्यच आहे. १९१५ मध्ये पंढरपुरात जन्मलेला हा मुलगा मुंबईत आला आणि सिनेमाची होर्डिंग्ज रंगवू लागला. चौरस फुटाला काही आणे या दराने, रस्त्याच्या कडेला, पायांखाली कापड पसरून. प्रचंड आकाराचा चेहरा जवळून रंगवायचा आणि तो समोरच्या फूटपाथवरून नीट दिसला पाहिजे, ही त्यांची खरी शाळा. पुढे हुसेन यांच्या घोड्यांत आणि बायकांत जी झपाट्याची, न थांबणारी रेघ दिसते, ती त्या होर्डिंगच्या मापाने घडलेली आहे. १९४७ मध्ये चित्रकार सूझा यांच्या बोलावण्यावरून ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आले आणि त्यानंतरची कहाणी सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्याही आधी कोल्हापुरात बाबूराव मेस्त्री यांनी कुठल्याही शाळेत न जाता रंगभूमीचे पडदे रंगवले, पुढे स्वतःच्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही रंगवली. लोकांनी त्यांच्या कामाचेच आडनाव केले आणि ते बाबूराव पेंटर झाले.

हुसेन आणि बाबूराव ही या वंशाची गाजलेली माणसे. न गाजलेली माणसे आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात होती. आमच्या वर्धा जिल्ह्यातही, आर्वीला, हिंगणघाटला, पुलगावला, बसस्थानकाजवळ एखादे पेंटरचे दुकान असायचेच. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावे, शाळेच्या भिंतीवरचे थोर पुरुष, गणेशोत्सवातले देखावे, पोळ्याला बैलांच्या झुलींवरची अक्षरे, निवडणुकीत रात्रभर जागून लिहिलेल्या घोषणा. सरळ रेघेसाठी खडू लावलेला दोरा ताणून टपकन सोडायचा आणि त्या खुणेवर हातानेच अक्षर उतरवायचे. त्यांतल्या कित्येकांना सुंदर चेहरा काढता येत असे. या सगळ्यांनी एका गोष्टीची काळजी घेतली. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, आपले नाव लिहिले. मग फ्लेक्स आला. एका रात्रीत छापून मिळणाऱ्या त्या चकचकीत कापडाने काही वर्षांतच या माणसांचे हात रिकामे केले. कुणी घरांना रंग देऊ लागले, कुणी रिक्षा घेतली. त्यांच्यासाठी कुणी भास्कर कुलकर्णी आला नाही. गुणवत्ता होती की नाही, हे तपासण्याइतकाही वेळ कुणी त्यांना दिला नाही. या पुस्तकातल्या विषयाची ही दुसरी बाजू आहे आणि तिच्याबद्दल बोलल्याशिवाय पहिल्या बाजूचे कौतुक करणे मला बरे वाटत नाही.

वर्ध्याचा उल्लेख आला आहे, तर त्याच्यापाशी थोडे थांबतो. भिंतीवरच्या चित्राचा विचार आपल्या देशात ज्या थोड्या ठिकाणी गांभीर्याने झाला, त्यांतले एक ठिकाण हे आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधी शेगावला राहायला आले. ते गाव पुढे सेवाग्राम झाले. तिथल्या बापूकुटीची मातीची भिंत जाऊन पाहावी. त्या भिंतीवर मातीच्याच उठावात ताडाची झाडे आणि चरखा आहे. हे काम मीराबेनचे. इंग्रज नौदल अधिकाऱ्याची ही मुलगी काही चित्रकार म्हणून शिकलेली नव्हती. खेड्यातल्या बायका जसा गिलावा देताना बोटांनी नक्षी काढतात, तसा तिने तो उठाव काढला. रंग नाही, चौकट नाही, भिंतीपासून वेगळे काढता येईल असे काहीच नाही. ती भिंत दरवर्षी सारवावी लागते, जपावी लागते, आणि तशी ती जपली गेली आहे, म्हणून ते चित्र ऐंशी वर्षांहून जास्त टिकले. टिकण्यासाठी चित्राला कलादालनातच जावे लागते, असे नाही.

गांधी शेगावला आले त्याच वर्षाच्या अखेरीस खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. गांधींनी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावून घेतले, आणि बांबू, गवत, शेतीची अवजारे असे जे गावात मिळेल त्यातून मंडप सजवला गेला. प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या भाषणात गांधींनी नंदलालबाबूंचे श्रेय नाव घेऊन सांगितले. पुढे, १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी, नंदलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चारशेच्या आसपास भित्तिचित्रपत्रके केली. ढोल वाजवणारा, पिंजारी, शेतकरी, पैलवान, कांडप करणाऱ्या बायका. ती प्रवेशद्वारांवर, रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतील अशी लावली होती. तिकीट काढून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांतली काही आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात काचेमागे आहेत. ती तिथे सुरक्षित आहेत, हे चांगलेच आहे. पण ती मुळात कुणाला दिसावीत म्हणून काढली होती, हे त्या काचेवर लिहिलेले असायला हवे. वर्ध्यातच १९३८ च्या अखेरीस गांधींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. तिथे खेड्यातल्या हातांनी केलेल्या वस्तू मांडल्या होत्या, आणि त्या पाहून आपल्या गावी जाऊन तशा कराव्यात ही अपेक्षा होती. भिंत आणि संग्रहालय यांच्यात वैर असलेच पाहिजे असे नाही, हे वर्ध्याने तेव्हाच दाखवले होते.

भिंतीवरून कलादालनात जाण्याची वाट सगळ्यांना झेपली असेही नाही. विदर्भातल्या गोंडांचे सगेसोयरे असलेल्या मध्य प्रदेशातल्या पाटनगढ गावी जनगढसिंह श्याम हा तरुण घरांच्या भिंती रंगवत असे. चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या चमूने त्याचे काम पाहिले आणि त्याला भोपाळला आणले. तिथले भारत भवन हे कलाकेंद्र १९८२ मध्ये उघडले, तेव्हा त्याची चित्रे तिथे होती. पॅरिसच्या १९८९ च्या त्या प्रदर्शनात म्हसे यांच्याबरोबर जनगढही होता. आज ज्याला आपण गोंड चित्रशैली म्हणतो, ती बरीचशी एकट्या जनगढच्या हातून जन्मली. २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयासाठी चित्रे काढत असताना, घरापासून हजारो मैलांवर, त्याने आयुष्य संपवले. वय चाळिशीच्या आसपास. कलावंताला भिंतीवरून उचलून आणणाऱ्यांवर केवढी जबाबदारी असते, हे या एका मृत्यूने सांगितले आहे. चित्र विकत घेणे सोपे आहे. ज्याने ते काढले त्याचे घर, त्याची भाषा, त्याची माणसे त्याच्या आसपास राहतील हे पाहणे अवघड आहे. गंजाड न सोडता जगभर पोहोचलेल्या म्हसे यांची शहाणीव मला याच कारणाने फार मोठी वाटते.

शेवटी एक आजची गोष्ट. गेल्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रातल्या सरकारी भिंती वारली चित्रांनी भरून गेल्या आहेत. रेल्वेस्थानके, ग्रामपंचायती, जिल्हा परिषदेच्या शाळा, सार्वजनिक शौचालये. कंत्राट निघते, कंत्राटदार माणूस आणतो, साचा ठेवून तीच तारप्याची फेरी पुन्हा पुन्हा उतरवली जाते. वारली माणूस जिथे कधी राहिला नाही, त्या वर्धा-यवतमाळच्या भिंतींवरही तेच. याच जिल्ह्यांत गोंड आहेत, कोलाम आहेत, त्यांच्या घरांना त्यांचे स्वतःचे सारवण आहे, नागपंचमीला भिंतीवर नाग काढणाऱ्या बायका प्रत्येक गावात आहेत. शाळेची भिंत रंगवायची आहे तर त्यांना का बोलावले जात नाही? एका समाजाची चित्रभाषा सगळ्या राज्याचा सरकारी नमुना करून टाकण्यात त्या समाजाचाही सन्मान नाही आणि इतरांचाही नाही. डहाणूच्या बायकांना डहाणूत मजुरी देऊन भिंती द्या, आणि सेलू-समुद्रपूरच्या भिंती तिथल्या हातांना द्या.

ही पाने वाचणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या गावात अजून एखादी मातीची भिंत उरली असेल, एखादी हाताने लिहिलेली पाटी, एखाद्या शाळेच्या व्हरांड्यातले पेंटरने काढलेले चित्र, तर फ्लेक्स लागण्याआधी किंवा सिमेंटचा गिलावा चढण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. ते कुणी काढले हे विचारा, बाईचे असेल तर तिची माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे लिहून घ्या, साल लिहा. आणि गावची पुढची भिंत रंगवायची ठरेल, तेव्हा ग्रामसभेत उठून सांगा की ज्याने किंवा जिने ती रंगवली, त्याचे किंवा तिचे नाव त्याच भिंतीवर, वाचता येईल एवढ्या अक्षरांत असले पाहिजे.